पोटॅशियमचा दुसरा तुकडा

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला पिंपरीतल्या एका शाळेला अकरावी-बारावीचे वर्ग जोडले गेले आणि मी तिथं रसायनशास्त्र शिकवायला लागले. प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. मुलं बहुतेक आसपासच्या कंपन्यांतल्या कामगारांची. आवर्तसारणी त्यांनी नुसती घोकावी हे मला पटेना. मूलद्रव्यं एकाखाली एक का लिहिली आहेत, हे एकदा डोळ्यांनी दिसलं तर ती विसरणार नाहीत, असं मला वाटायचं.

पहिल्या गटाचा धडा आला तेव्हा मुख्याध्यापकांची कशीबशी परवानगी मिळाली. "बाई, काही झालं तर जबाबदारी तुमची," असं त्यांनी दोनदा बजावलं.

काचेच्या मोठ्या भांड्यात पाणी घेतलं. आधी लिथियम टाकलं. ते तरंगत, फसफसत राहिलं. मग सोडियम. त्याची गोळी होऊन पाण्यावर सैरावैरा धावली. मी फळ्यावर तिन्ही अणू काढले होते. लिथियमच्या केंद्रकाभोवती दोन कक्षा, सोडियमच्या तीन, पोटॅशियमच्या चार आणि प्रत्येकाच्या शेवटच्या कक्षेत एकटा इलेक्ट्रॉन.

"आता पोटॅशियमचं काय होईल?" मी विचारलं.

पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. दापोडीहून यायची, एरवी तोंडातून शब्द निघायचा नाही. म्हणाली, "तो इलेक्ट्रॉन केंद्रकापासून सगळ्यांत लांब आहे, बाई. मधल्या कक्षाही जास्त आहेत. त्याला धरून ठेवणारी ओढ कमी पडेल. म्हणजे तो सगळ्यांत पटकन सुटेल."

मी चिमट्यानं वाटाण्याहून लहान तुकडा टाकला. पाण्याला लागताच जांभळट ज्योत उठली, तडतडली आणि शेवटी फट् आवाज झाला. वर्ग ओरडलाच. त्या गडबडीत घंटा झाली.

पोटॅशियमचे मी दोन तुकडे कापले होते. दुसरा पुढच्या तुकडीसाठी बशीत रॉकेलमध्ये ठेवला होता. टेबल आवरायला वळले, तर बशीत नुसतं रॉकेल.

टेबलाखाली पाहिलं, चिमटा पाहिला, पुसायचं फडकं झटकलं. तुकडा नव्हता. निम्मा वर्ग बाहेर गेला होता. मी दारात आडवी उभी राहिले.

"बशीतला तुकडा कुणी घेतलाय? मी रागावणार नाही. पण आत्ता सांगा."

मुलं एकमेकांकडे पाहू लागली.

"आत्ता पाहिलंत ना काय झालं ते? त्याला भांडंभर पाणी लागत नाही. हाताचा घाम पुरतो. खिशात असेल तर मांडी भाजेल, डोळ्याजवळ असेल तर डोळा जाईल."

एका मुलानं मुकाट्यानं स्वतःचे खिसे उलटे केले. मग बाकीच्यांनीही केले. सगळे रिकामे निघाले. बाहेर गेलेल्यांपैकी कुणाकडे असेल तर कुठं शोधायचं? तेवढ्यात बाकांमागून धाप लागल्यासारखा आवाज आला. तीच दापोडीची मुलगी पांढरीफटक होऊन खिडकीतून अंगणाकडे पाहत होती.

"बाई, डबा! माझा डबा तिनं धुवायला नेलाय!"

नळाला पाणी उशिरा यायचं, म्हणून मुली मधल्या सुट्टीचे खरकटे डबे या तासानंतर धूत. हिची मैत्रीण रोज दोघींचे डबे घेऊन पुढं पळायची. डब्यातली चटणीची छोटी डबी कोरडी करून हिनं त्यात तुकडा ठेवला होता, आणि मैत्रिणीला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मी धावले. साडीत पाय अडकत होता. नळावर झुंबड होती. मैत्रिणीनं मोठा डबा विसळून बाजूला ठेवला होता आणि ओल्या हातांनी छोट्या डबीचं झाकण ओढत होती.

"उघडू नकोस! खाली ठेव!"

ती दचकून माझ्याकडे वळली आणि त्याच झटक्यात झाकण निघालं. तिच्या बोटांवरचं पाणी आत पडलं असावं. डबीतून धूर निघाला. मी ती हिसकावली आणि कुंपणाकडे भिरकावली. पण तुकडा मध्येच उडून नळाच्या सांडपाण्यात पडला. उन्हात ज्योत जेमतेम दिसली. आवाज मात्र असा झाला की मुली किंचाळत पांगल्या. माझ्या हातावर निखारे पडल्यासारखे शिंतोडे उडाले.

मैत्रिणीच्या हाताला, डोळ्यांना काही झालं नव्हतं. ते पाहिल्यावर मी नळाखाली हात धरला आणि कितीतरी वेळ धरून राहिले. शेजारी दापोडीची ती मुलगी हुंदके देत उभी होती.

"कशाला घेतलास गं?"

"आईला दाखवायचा होता. ती वर्कशॉपात दिवसभर लोखंडाच्या कडा घासते. सुरीनं कापता येतो असा धातू असतो म्हटलं, तर हसली. म्हणाली, तुमच्या पुस्तकात काय बी लिवत्यात."

मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "नाव सांगा. दाखला हातात देतो." मी काही बोलायच्या आत ती मुलगी दार ढकलून आत आली आणि म्हणाली, "मी घेतला, सर. बाईंना बोलू नका."  उद्या आईला घेऊन ये, एवढंच सर म्हणाले.

आई कामावर खाडा करून आली. हाताची बोटं चिरलेली, त्यांत लोखंडाचा काळा कीस कायमचा बसलेला. सरांचं सगळं बोलणं तिनं उभ्यानंच ऐकून घेतलं. "चुकलंच तिचं. दुसऱ्याच्या पोरीचा डोळा गेला असता," ती म्हणाली. "शिक्षा करा. पन शाळंतून काढू नका."

महिनाभर प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाही, यावर ते मिटलं. माझे प्रयोगही सरांनी वर्षभर बंद केले. मी वाद घातला नाही.

मुलीच्या आईंना मात्र त्या निघाल्या तेव्हा मी प्रयोगशाळेत नेलं. रॉकेलमधून सोडियमचा तुकडा काढला, टिपून कोरडा केला आणि सुरीनं कापला. आतली चांदीसारखी चकाकी त्यांनी वाकून पाहिली. बघता बघता ती मळकट झाली.

"व्हय की," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "आन आमचं लोखंड असं का न्हाई?"

लोखंडाचा धडा वर्गाला मी अजून शिकवला नव्हता. मी स्टूल पुढं ओढलं आणि त्यांना बसायला सांगितलं.