पन्नासपर्यंत

मंगळवार, १४ ऑगस्ट १९३४. भाटघर. पहाटेपासून पाऊस, वारा पश्चिमेचा. धरणाच्या पाण्यात गवताचे भारे नेणारी होडी उलटली. होडीवाल्या ज्ञानूचा धाकटा भाऊ गेनबा गेला. वय सव्वीस.

ज्ञानू जन्माचा शेतकरी. धरण भरलं, शिवार पाण्याखाली गेलं, तेव्हा नांगर सोडून त्यानं वल्हं धरलं. गुडघाभर ओढ्यात वाढलेली ही माणसं. एवढं खोल पाणी कुणाच्या बापानं पाहिलं नव्हतं. दोन वर्षांत तिघं बुडाले, तेव्हा तो काठावरच्या बंगलीतल्या विधवा बाईंकडे गेला; पैलतीराचं दूध रोज त्याच्याच होडीनं त्यांच्याकडे यायचं. बाईंकडे प्रथमोपचाराचं इंग्रजी पुस्तक होतं. त्यांनी ते मराठीत सांगितलं, त्यानं ते हातांनी पाठ केलं. बुडणाऱ्याला हात द्यायचा नाही, बांबू द्यायचा. वर काढल्यावर पालथं निजवायचं, तोंड एका कुशीला, तळच्या बरगड्यांवर तळवे टेकून दाबायचं, सोडायचं. मिनिटाला बारा वेळा, तासभर, न थांबता.

सरावाला गेनबा पालथा पडायचा. "दादा, हळू! मेल्याला उठवाय शिकतोस का जित्याला मारायला?"

त्या सकाळी ओल्या गवताचे भारे एका अंगाला सरकले आणि दोघंही पाण्यात पडले. ज्ञानूच्या कमरेला तरंगायला बांधलेले वाळके भोपळे होते. गेनबानं आपले सोडून ठेवले होते, भारे रचताना आड येतात म्हणून. हाताला बांबू लागेना. ज्ञानूनं त्याला शेंडीला धरून काठाला आणलं तेव्हा ओठ निळे पडले होते.

त्यानं भावाला पालथं घातलं आणि तो दाबत मोजायला लागला. तिसाव्याला तोंडातून पाणी आलं. चाळिसाव्याला घशात काही खरखरलं.

तोवर वाडी धावत आली. गेनबाची बायको रतनबाई किंचाळली, "भाऊजी, उठा त्येंच्या अंगावरनं! बरगड्या मोडत्याल!"

चुलता रखमाजी पुढे झाला. "उतर, ज्ञानू. भाऊ हाय तुझा, मळणीचा पेंढा न्हवं. चला, कुंभाराकडं न्या!" बुडालेल्याला चाकावर पोटावर घालून फिरवलं की पाणी निघतं, ही साऱ्या खोऱ्याची रीत.

"काका, घसा वाजलाय. जरा थांबा."

"चाक अर्ध्या कोसावर हाय. आन् तू थांबा म्हंतोस?"

चुलत्याचा शब्द ज्ञानूनं उभ्या जन्मात मोडला नव्हता. पन्नास मोजून त्यानं हात काढले. चौघांनी गेनबाला घोंगडीत घातलं आणि चढ धरला. कुंभारानं चाकावरचा ओला गोळा उतरवून त्याला वर घेतलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं. पाणी निघालं. माणूस निघाला नाही.

दुपारी दहन झालं. ज्ञानू बंगलीशी आला, सुतकाचा म्हणून अंगणातच पावसात उभा राहिला.

"बाई, किती येळ दाबायचं लिवलंय?"

"तासभर."

"म्या पन्नासच मोजले." त्यानं आपल्या तळव्यांकडे पाहिलं. "पुन्यांदा कुनाला शिकवू नका हे. आमच्यातलं कुनी करू द्यायचं न्हाई. होडी म्या पालथी घालून आलोय."

तो गेला.

संध्याकाळी बाईंच्या वहीत नोंद: पैलतीराचं दूध आलं नाही. चहा कोरा घेतला.