गोड विचारलेला प्रश्न

मी तोंडाने फटकळ. घरात माझ्याशी वाद घालायला कुणी धजत नाही. पण सांगलीतल्या त्या ऑफिसात कानाला हेडफोन लावला की माझ्या आवाजात साखर पडायची. आरोग्य विम्याचा हप्ता फोनवर सांगायचं आमचं काम. हप्ता सांगायचा तर आधी माणसाला खोदून विचारावं लागतं. वय, वजन, तंबाखू, मिश्री, बीपी, ऑपरेशन, डोक्याच्या गोळ्या, बायकांना तर पाळी आणि गर्भपातसुद्धा. सख्ख्या बहिणीला विचारताना जीभ अडखळेल असलं मी दिवसाला चाळीस परक्या माणसांना विचारायची, आणि ती सांगायची. माणूस अडला की आवाज खाली घ्यायचा आणि म्हणायचं, "काळजी करू नका, हे माझ्याजवळच राहील." ट्रेनिंगमध्येच शिकवलं होतं ते. या एका वाक्यावर माझं नाव दर महिन्याला जास्त विमे काढणाऱ्यांच्या यादीत वर असायचं. मला त्याचा लय अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

तीनेक वर्षांपूर्वी शिरवळच्या एका कारखान्यात कामाला असलेल्या माणसाने घरच्यांच्या विम्याची चौकशी केली. तो तिकडे खोलीवर राहायचा, बायको, पोरं आणि आई गावाकडे, कवठे महांकाळच्या बाजूला. सकाळी शिफ्टला जायच्या आधी त्याने स्वतःची उत्तरं भराभर दिली. गेटवर मोबाइल जमा करावा लागतो, तीनला सुटल्यावरच मिळतो, तेव्हा बायकोचं बायकोलाच विचारा म्हणाला आणि तिचा नंबर दिला. मला माणूस बरा वाटला.

तिला फोन लावला तर तो उचलला गेला तोच स्पीकरवर. आमच्याकडे गावात फोन एकट्याचा नसतोच. वाजला की स्पीकर चालू आणि सगळं घर भोवती. मी वय विचारलं, सासूने सांगितलं. वजन विचारलं, तर सुनेचं कोण वजन करतंय म्हणाली. मिश्री लावता का विचारल्यावर म्हातारी हसली, ती खोड माझी हाय म्हणाली. मग मी फॉर्मच्या तिसऱ्या पानावर आले. कधी फिट, आकडी आली आहे का? त्यासाठी गोळ्या चालू आहेत का?

तिकडे कुणीच बोललं नाही. मग सासूच म्हणाली, तिला काय धाड भरली, दगडागत हाय. त्यानंतर सून हळूच न्हाई म्हणाली. त्या न्हाईच्या आधीचं थांबणं मला ओळखू आलं, रोजचाच धंदा. मी माझ्या गोड आवाजात नियम सांगितला, की माहिती लपवलेली निघाली तर आजारपणात विमा नाकारतात, आणि फोन ठेवला.

दहा मिनिटांत तिचाच फोन आला. मागे शेळ्या ओरडत होत्या. गोठ्यात आलीय, स्पीकर बंद केलाय, मघाचं एक उत्तर बदलायचं हाय म्हणाली. मी आवाज खाली घेतला. काळजी करू नका ताई, हे माझ्याजवळच राहील.

तिने सांगितलं. शाळेत असल्यापासून आकडीचा आजार. गोळ्या चुकवल्या नाहीत म्हणून बारा वर्षांत सासरी एकदाही आकडी आली नव्हती. गोळ्या आष्ट्याहून आई पाठवायची, बांगड्यांच्या डब्यात घालून. लग्नात सांगितलं नव्हतं, आईनेच सांगू दिलं नव्हतं. नवऱ्याला पत्ता नाही.

"कळलं तर मला घालवून देत्याल," ती म्हणाली. "पन उद्या काय झालं आनि तुमी विमा न्हाई दिला, तर पोरांचं काय?"

मी 'नाही'चं 'हो' केलं, गोळीचं नाव लिहिलं, हप्ता काढला आणि बटण दाबलं. साडेअकरा वाजले होते.

चहाचा कप तोंडाला लावला आणि माझ्या पाचावर धारण बसली. बटण दाबलं की सगळी उत्तरं एका लिंकमधून जातात, वाचून बघा आणि ओटीपी टाका म्हणून. ती लिंक जाते चौकशी करणाऱ्याच्या मोबाइलवर, म्हणजे नवऱ्याच्या. मला हे माहीत नव्हतं का? दिवसातनं चाळीसदा तेच बटण दाबत होते की मी. माझ्याजवळ राहील हे वाक्य बोलताना मी कधी त्याचा अर्थच बघितला नव्हता.

तीन वाजेपर्यंत वेळ होता. त्याच्या नावापुढे स्क्रीनवर 'पाहिले नाही' असं दिसत होतं. साहेबांकडे पळाले, लिंक मागे घ्या म्हटलं. ते आपल्या हातात नाही, मुख्य ऑफिसला विनंती टाकावी लागते, असं म्हणत त्यांनी ती टाकली. मग विचारलं, तू तिला कबूल काय केलं होतंस? मी सांगितलं. बरोबर आहे, तेच शिकवलंय, म्हणाले. त्यांचं डोकं फोडावंसं वाटलं मला, आणि माझं त्याच्या आधी.

तिला निदान सावध करावं म्हणून फोन लावला. सासूने उचलला. सून रानात गेलीय, काय असंल ते मला सांगा. मी म्हटलं, वजनाचं राहिलं होतं. लिवा पन्नास, म्हणाली. एकला पुन्हा लावला, पुन्हा तीच. दोनला लावला तेव्हा म्हातारीचा आवाज बदलला होता. माझ्या सुनंपाशी तुमचं नेमकं काय काम हाय, असं तिने विचारलं आणि मी फोन ठेवला. अजून एकदा केला असता तर मीच त्या घरात संशय पेरून आले असते. नवऱ्यासाठी मेसेज लिहिला, आधीची लिंक चुकून गेली आहे, उघडू नका. पण उघडू नका म्हटल्यावर उघडल्याशिवाय कोण राहतं? पुसून टाकला. मुख्य ऑफिसचं उत्तर आलेलं नव्हतं, मग नुसती स्क्रीनकडे बघत बसले. बाकीचे फोन वाजत होते, ते मी घेतलेच नाहीत.

तीन वाजून बारा मिनिटांनी 'नाही' गेलं आणि नुसतं 'पाहिले' उरलं.

त्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं.

"मॅडम, हे तिनं सांगितलं का तुमच्या मनानं लिवलं?"

दुसऱ्याच्या आजाराबद्दल मला बोलता येत नाही, असा नियम मी त्याला सांगितला. तो नियम मला तेव्हा आठवला.

तो म्हणाला, "बारा वर्सं मला न्हाई सांगितलं. तुमाला सांगितलं."

ओटीपी कधीच आला नाही. मी काम चालू ठेवलं, पण ते वाक्य तोंडातून निघेना, आणि यादीत माझं नाव खाली खाली जात राहिलं.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. आष्ट्याला आईकडे होती. धाकटं पोरगं तिच्याजवळ, थोरलं तिकडेच ठेवून घेतलेलं. मी म्हटलं, चूक माझी आहे. मी जे कबूल केलं ते माझ्या हातात नव्हतंच. तिने शिव्या द्याव्यात असं मला मनापासून वाटत होतं.

"तुमी लय गोड इचारलं," ती म्हणाली. "मला तसं कुनी कवा इचारलंच न्हवतं. म्हनून सांगितलं."

मला रडू आलं. शेजारच्या खुर्चीवरची बघत होती, बघू दे म्हटलं.

तिला आता स्वतःच्या नावाने विमा हवा होता. शिलाईची कामं घेत होती. परत सगळं विचारा म्हणाली. या वेळी मी माझ्या फटकळ आवाजातच बोलले. तुमची उत्तरं माझ्याजवळ राहणार नाहीत, म्हटलं. लिंक तुमच्या फोनवर येईल, पण वरच्या ऑफिसात ती कोण कोण वाचेल ते मला माहीत नाही. विमा मिळेलच असंही नाही. तरी सांगायचं असेल तर सांगा, आणि आधी स्पीकर बंद आहे का बघा.

"चालू हाय," ती म्हणाली. "असू द्या."

मी एकेक विचारत तिसऱ्या पानावर आले. कधी फिट, आकडी? मागून तिच्या आईचा आवाज आला, अगं हळू बोल, शेजारी ऐकत्याल.

"व्हय, येती," ती आधीपेक्षा मोठ्याने म्हणाली. "शाळंपासनं."

मी गोळीचं नाव विचारलं.