मोरांच्या चादरी आणि एक पांढरं धोतर

आमच्या घरात तेव्हा चौदा चादरी होत्या आणि त्यांत पांढरी एकही नव्हती. सोलापूरकराची चादर म्हणजे लाल, जांभळी, वर मोर. लग्न असो, बारसं असो, आहेर म्हणून चादरच येते. कपाट उघडलं की आतून पाच-सात मोर अंगावर झेपावायचे.

त्यामुळे महिनाभर आमचा तपास फसत होता. बायकोच्या दंडावर ओळीनं तीन-तीन लाल गांधी उठायच्या, मी खाजवून खाजवून निम्मा झालो होतो. रोज सकाळी चादर उजेडात धरून बघायचो, पण लाल मोरावर रक्ताचा डाग दिसणार कसा? डास आहेत, असा निकाल मी दिला. उदबत्त्या एवढ्या जाळल्या, की गल्लीतले डास बिऱ्हाड आवरून हैदराबादच्या गाडीला बसले. खाज मात्र मुक्कामाला राहिली.

अशात सांगोल्याहून आत्या आली. डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, सोमवारी ऑपरेशन. एक डोळा आधीच गेलेला, त्यामुळे या एकावरच तिची सगळी भिस्त. बरोबर औषधाची पिशवी आणि जुन्या लुगड्यांची स्वतः शिवलेली वाकळ. बायको स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, या वाकळेतूनच ढेकूण आले असणार. मी मान डोलावली. खरं तर खाज आत्याच्या आधीची होती, हे तिच्या दंडाला आणि माझ्या पाठीला पक्कं ठाऊक होतं. पण पलंग मी आणला होता ना! महिन्याभरापूर्वी, एका बंद पडलेल्या लॉजमधून. आणि सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, की यावर संस्थानिक झोपायचे.

आत्याला दिसत कमी होतं, पण ऐकू सगळं येत होतं. संध्याकाळी बघतो तर गाठोडं बांधून ती दारात बसलेली. उद्या दुपारच्या एसटीनं जाते म्हणाली. डोळ्याचं पुढच्या साली बघू. पुढच्या सालापर्यंत तो डोळा थांबणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी पलंगावर बसवून तिची समजूत घालू लागलो, तर तिनं नाक वर केलं.

"वास येतोय रं. कोथमीर कुजल्यावानी. ढेकणांचा हाय."

मग तिनं गाठोडं सोडलं आणि तळातून एक पांढरंशुभ्र धोतर काढलं. "आमच्या मालकांचं हाय. ह्ये गादीवर हातर आन् झोपा दोगं. माजी वाकळ मी गच्चीवर नेते. सकाळी बगा, कुणाची हायती ती."

सकाळी त्या धोतरावर तांबडे ठिपके होते, काळे ठिपके होते, आणि एक जाडजूड ढेकूण, जो मला हरभऱ्याएवढा दिसला. बायको म्हणते मसुराएवढा. पलंगाच्या सांध्यात पोस्टकार्ड फिरवलं तर पापुद्र्यासारख्या काती भुरूभुरू गळाल्या. संस्थानिकांचा अख्खा दरबार आत नांदत होता. वाकळ शिवणीशिवणीनं तपासली. तिच्यात गच्चीवरची धूळ सोडून काही नव्हतं.

बायको माझ्याकडे बघत राहिली. मी आत्याच्या पायाशी बसलो.

"आत्या, खाज तू यायच्या आधीपासून होती. मला माहीत होतं."

"मला बी ठावं हुतं," ती म्हणाली. "आले त्या दिशी तू दाराच्या चौकटीला पाठ घासत हुतास की. म्हशीगत."

"मग बोलली का नाहीस?"

"पावणी बाई काय बोलनार?"

बायको उठली. गच्चीवरून वाकळ आणली, झटकली आणि आमच्या खोलीत खिडकीजवळ, वारा येतो तिथं अंथरली. आत्याच्या हाताला धरून तिला त्यावर बसवलं. पलंग मी एकट्यानं गच्चीवरच्या उन्हात ओढत नेला. दोन मजले चढताना निदान सातदा मेलो.

आत्या खालून सांगत होती, "पानी उकळाय ठिवा. मोर समदे बुडवायचे. आन् धोतर येगळं धुवा, त्याचा पदर इरलाय."

सोमवारी दवाखान्यात जाताना तिनं गाठोडं घरीच ठेवलं.