म्हशीनं पान्हा चोरला ते गाणं

"बंद करा ते, जावईबापू! म्हैस पान्हा चोरायली!"

माझ्या मावसभावाचा सासरा गोठ्यातून असा ओरडला, की लोह्याच्या स्टँडवर उभी एसटी दोन हात मागं सरकली असेल. त्याच्या हातात कोरडी चरवी. अंगणात, तुळशीच्या कट्ट्यावर भलामोठा स्पीकर. आणि स्पीकरशेजारी डोळे मिटून आमचे बंधुराज, लातुरातले इंग्रजीचे प्राध्यापक. रुसून माहेरी आलेली बायको न्यायला आले होते.

आमच्याकडं अशी बायको न्यायची रीत ठरलेली आहे. दोनचार वडीलधारे सोबत घ्यायचे, सतरंजीवर मान खाली घालून बसायचं, सासू बोलेल ते गिळायचं, "चुकलं" म्हणायचं, चहा प्यायचा. मग ओटी भरून लेक पाठवतात. एका पठ्ठ्यानं तर मान इतकी खाली घातली, की सासऱ्यानं बायकोसोबत दुभती गाय दिली. पण प्राध्यापकांना हे मागास वाटायचं. "माफी आतून आली पाहिजे, दादा," असं मला जीपमध्ये ऐकवलं. आतून काय आलं? तर अमेरिकेतलं गाणं. वडीलधारा म्हणून एकट्या मला नेलं, तेही स्पीकर उचलायला.

गाणं जुनं, तिकडं म्हणे लई गाजलेलं. गोष्ट एवढीच, की बाई सोडून गेली आणि बाप्या "परत ये" म्हणतोय. हदगावच्या बाजारात शेळी हरवलेला माणूस एवढंच एका दमात ओरडतो, आणि शेळी सापडतेही. हा गडी आधी पियानो रडवतो, मग स्वतः रडतो, मग अडकित्त्यात बोट सापडल्यासारखा सूर काढतो. मागून बाया "हू हू" करून दुजोरा देतात. एकीलाही वाटत नाही, की बाबा, ऊठ, चपला घाल आणि तिच्याकडं जा. असल्या बसल्या जागी मरणाऱ्यावर अख्खी दुनिया भाळली म्हणे!

भांडणाचं मूळही हेच, बसली जागा. दिवाळीआधी सासूबाईंचं नांदेडला पोटाचं ऑपरेशन झालं. लेक दिवसरात्र उशाशी. आणि त्याच आठवड्यात हा स्पीकर घरी आला म्हणून जावई लातूरहून हलला नाही.

त्याच सासूबाई आता चौकट धरून ऐकत होत्या. इंग्रजीचं अक्षर कळत नाही, पण शेवटच्या हंबरड्याला त्यांनी पदर डोळ्याला लावला. माझ्याही अंगावर काटा आला. गाणं तसलंच हरामखोर होतं.

"कोण मेलंय ओ ह्याचं?" त्यांनी मला विचारलं.

"कुणी न्हाई मामी. बायको गेलीय."

"मंग जाऊन आणावं की! बोंबलून काय राहिलाय?"

गाणं संपलं. गोठ्यात चरवीत पहिली धार वाजली. तेवढ्यात प्राध्यापकांची बायको आईच्या गोळ्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. लग्नापासून हे गाणं रोज रात्री तिच्या कानावर घातलेलं.

"अर्थ सांगू का तुला?" प्राध्यापकांनी भिजल्या आवाजात विचारलं.

तिनं आधी आईला गोळी दिली, पाणी दिलं.

"कळला," ती म्हणाली. "दवाखान्यात यायचं होतं."