सुलूची धाव

यंदा लेकीला घेऊन लासलगावला माहेरी गेले. गाडीतून उतरताच कांद्याच्या वाळलेल्या पातीचा उग्र वास आला, आणि मी पुन्हा दहा वर्षांची होऊन ओट्यावर जाऊन बसले.

तेव्हा अंगणात कांद्याचा ढीग पडलेला असायचा आणि चुलतबहीण सुलू पोरींना घेऊन त्याच्याभोवती पळायची. मला दमा. भर उन्हात गळ्याला मफलर गुंडाळून आई मला ओट्यावर बसवायची. डॉक्टरांनी दिलेला पंप कपाटात पडून होता, कारण वडील म्हणायचे, "एकदा लागला की सुटत नाय." एका दुपारी सुलू घामाघूम होऊन शेजारी टेकली. "तुझं लय बरंय, बसून राहायला मिळतं," ती म्हणाली. तिची छाती भात्यासारखी वरखाली होत होती, पण एकदाही वाजत नव्हती. त्या छातीचा मला इतका हेवा वाटला की मी तोंड फिरवून घेतलं.

माझ्या लेकीलाही दमा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पंप घेतला, चूळ भरली आणि भाचरांबरोबर अंगणात पळत सुटली. बघताना आनंद झाला, पण आत जुनंच काहीतरी टोचलं. या वेळी हेवा पोटच्या पोरीचा होता.

आई शेजारी येऊन बसली. बराच वेळ नातीकडे बघत राहिली.

"तुलाबी असं पळू द्याया पाहिजे होतं गं," ती म्हणाली.

"तेव्हा कुणाला माहीत होतं," असं म्हणायला हवं होतं. मला म्हणवलं नाही.