चढतं नाव, उतरतं नाव

पनवेलच्या जुन्या बाजारात सुदाम मोकल गेली एकतीस वर्षं लोकांची नावं उलटी लिहितात. रबरी शिक्के बनवणाऱ्याला दुसरा इलाज नसतो. शिक्क्यावर नाव उलटं असेल तरच कागदावर सुलटं उठतं. सरपंच, वकील, सोसायट्यांचे सेक्रेटरी, दोन शाळांचे मुख्याध्यापक असे पुष्कळ वजनदार लोक त्यांच्या हाताखालून उलटे होऊन गेले आहेत. दारावरच्या पाट्याही ते करतात, त्या मात्र सरळ. इथे दुकान असलेल्या माणसाला शेठ म्हणायची रीत आहे, म्हणून ते सुदामशेठ.

आता दुकानात मशीन आहे. पूर्वी शिशाची अक्षरं एकेक उचलून नाव जुळवावं लागे. बंद पडलेल्या एका छापखान्यातून सुदामशेठनी ती आणली. छापखान्यातला जुळारी अक्षरं कुठल्या खणात आहेत ते हातानं ओळखतो; सुदामशेठ ती विद्या शिकलेले नव्हते. त्यांना फक्त बाराखडी येत होती. त्यांनी पत्र्याच्या डब्या एका लांब फळीवर ओळीनं मांडल्या. डावीकडे गल्ल्याशेजारी अ, उजवीकडे दाराशी ज्ञ. मशीन आल्यावर अक्षरं भंगारात गेली. डब्या राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर एक खोड राहिली.

खोड अशी लागली. कमल नावाच्या एका बाईंचा शिक्का जुळवताना सुदामशेठच्या लक्षात आलं की हात क पासून निघाला, म वर थांबला, ल वर पोचला आणि एकदाही मागे आला नाही. दुसऱ्या दिवशी रमेश आला, तर हात आधी मागे आणि मग पुढे. तेव्हापासून नाव कानावर पडलं की त्यांच्या डोक्यात हात फळीवरून फिरू लागे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार धरायचे नाहीत, नुसती अक्षरं पाहायची. हात दाराकडे जात राहिला तर नाव चढतं, गल्ल्याकडे येत राहिला तर उतरतं, मधेच फिरला तर मोडका जिना.

गिऱ्हाईक शिक्क्यासाठी थांबलेलं असलं की त्याला हे सगळं ऐकावं लागे. घाट चढता, जिनाही चढता. चढ चढतो यात नवल नाही, पण उतारही चढताच आहे: उ, त, र. मुंबई उतरती, पुणेही उतरतं. पनवेल खाली, वर, खाली. हे इथे स्कूटर चालवणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. सून उतरती, आणि सासू सपाट, कारण दोन्ही अक्षरं एकाच डबीतली, हात हलतच नाही. हे शेवटचं ते लग्नसराईत हमखास ऐकवत. स्वतः सुदाम म्हणजे मधोमध खड्डा. सर्वांत लांब चढण त्यांना सापडली होती ती ‘कणभरही’ या शब्दात, पाच पायऱ्या.

“त्यो ‘ही’ तू मागनं शेपूट लावलास,” त्यांची मोठी बहीण गंगाबाई म्हणाली. दुपारचा डबा तीच घेऊन येई. “चालायचा नाय. चारच.”

“बरं, चार.”

“आनि गंगाबाई काय हाय?”

“पहिली पायरी सपाट, मग वर, आणि शेवटी धाडकन खाली. ई थेट गल्ल्यापाशी.”

“पडली तर तुझ्याच अंगावर पडंल,” गंगाबाई म्हणाली आणि डब्याचं झाकण उघडलं.

इथवर सगळं निरुपद्रवी होतं. मग कल्पेश आला. पळस्प्याजवळ इमारत बांधत होता, नाव ठेवलं होतं ‘सावन’. सोसायटीचा शिक्का करायला टाकताना त्यानं सहज विचारलं, “शेठ, आमचं नाव कसं आहे?”

“स, व, न. सरळ खाली,” सुदामशेठ म्हणाले. “सात मजले वर बांधताय आणि नाव तळमजल्याला नेताय.”

कल्पेश हसला नाही. तीन दिवसांनी परत आला आणि म्हणाला, चढतं द्या. सुदामशेठनी ‘कैलास’ दिलं. क, ल, स. पाटी बदलली आणि दोन महिन्यांत वर्षभर न विकता पडून असलेले फ्लॅट गेले. त्याच दोन महिन्यांत समोरचा रस्ता रुंद झाला होता, पण रस्त्याची गोष्ट सांगण्यात मजा नसते. कल्पेशनं नावाची सांगितली.

त्यानंतर लोक शिक्क्याशिवायही येऊ लागले. खानावळीचं नाव, टेम्पोचं नाव, बारशाला काढलेली चार नावं. सुदामशेठ आधी म्हणत, अहो, हा टाइमपास आहे. लोक म्हणत, हो हो, पण सांगा. मग ते सांगत. पुढेपुढे ‘टाइमपास आहे’ हे म्हणायचं राहून जाऊ लागलं. एकतीस वर्षं माणसं त्यांच्याकडे शिक्का घ्यायला आली होती. सल्ला घ्यायला आता येत होती. त्यांना ते आवडत होतं, आणि ते नाकारायचं काही कारण नाही.

त्यांची मुलगी विनिता फार्मासिस्ट आहे, नवीन पनवेलच्या एका औषधांच्या दुकानात. तिचं लग्न खारघरच्या धनेशशी ठरलं. धनेशची माणसं मूळची उरणकडची मिठागरवाली, आता एका टॉवरच्या अकराव्या मजल्यावर राहतात. साखरपुडा झाला. लग्नाला बारा दिवस उरले असताना धनेशची आई सुनिताबाई दुकानात आल्या. त्यांचं माहेर चिरनेर. गावची बोली त्यांनी अकराव्या मजल्यावरही सोडलेली नव्हती.

“व्याही, येक मनात हाय ते बोलते,” त्या म्हणाल्या. “तुमी येवढे जाणकार. सगळ्या पनवेलला नावं दाखवता. आनि सोताच्या पोरीचं उतरतं?”

सुदामशेठच्या डोक्यात हात फळीवरून फिरला. व, न, त. गेली पंचवीस वर्षं तो या एका नावावरून कधी फिरला नव्हता. घरातल्या नावाचा कोणी शिक्का करत नाही.

“धनेश कसा बगा, ध, न, श, सरळ वर. जोडा कसा जमंल? आमी नाव काढलंय. तन्वी. तांदळात तेवडंच लिवायचं.”

लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नाव लिहितो. जे लिहील ते सासरचं नाव. हल्ली बरेच जण आहे तेच नाव पुन्हा लिहितात, पण हल्लीचा नियम सुनिताबाईंना माहीत नव्हता.

“विहीणबाई,” सुदामशेठ म्हणाले, “यात काही नसतं. माझा खेळ आहे तो.”

“तुमी असंच बोलायचं. मोठं मानूस सोताच्या तोंडानं थोडंच सांगतं?”

“अहो, मीच काढलाय हा.”

“मग झालंच की,” सुनिताबाई उठत म्हणाल्या. “काढनाऱ्याच्या घरात तरी पाळायला पायजे.”

घरी विनितानं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, आवाजही चढवला नाही. “आमच्या मेडिकलच्या भिंतीवर माझं सर्टिफिकेट आहे,” ती म्हणाली. “त्यावर विनिता आहे. बँकेत विनिता आहे. मलाही मी विनिताच आहे. तांदळात दुसरं काही लिहिलं तर मी ताटावरून उठणार. धनेशलाही सांगितलंय.”

“तो काय म्हणाला?”

“मला दोन्ही चालतील म्हणाला. त्याच्याशी कालपासून बोललेले नाही.”

गंगाबाईला वेगळाच राग होता. नाव ठेवायचा मान आत्याचा. पंचवीस वर्षांपूर्वी पाळण्यावर वाकून ‘विनिता’ तिनंच बाळाच्या कानात सांगितलं होतं आणि पाठीत धपाटे खाल्ले होते. “माझं नाव उतरतं?” ती म्हणाली. “ह्या डब्यांच्या पायी पोरीचं लगीन मोडलं, तर त्या डब्या तुझ्या डोक्यावर ओळीनं मांडते. अ पासून.”

“बाबा,” विनिता म्हणाली, “तुम्ही लावलंय, तुम्हीच आवरा.”

सुदामशेठ खारघरला गेले. अकराव्या मजल्यावर, चहा पुढे ठेवून, त्यांनी स्वतःच्या विद्येविरुद्ध साक्ष दिली. उतार हा शब्द चढता आहे, मग तो वर जातो का? मुंबई उतरती आहे, तिथले भाव कधी उतरले? सुनिताबाईंचे यजमान बळीराम पेपरात डोकं घालून बसले होते. ‘भाव’ शब्दाला त्यांनी डोकं वर काढलं आणि पुन्हा आत घेतलं.

सुनिताबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, “माझं माहेरचं नाव जनी. ज, न. चढतं. हितं आले तर ताटात सुनिता लिवलं. मला कुनी इचारलं नाय, लिवून झाल्यावर वाचून दाखवलं. चवथ्या महिन्यात मिठागराचा बांध फुटला. फुडल्या वर्साला हे गाडीवरनं पडले, पाय मोडला. त्याच्या फुडल्याला सासू गेली. आता कल्पेशच्या इमारतीचं ऐकलं तवा कळलं, कशानं झालं. पोरीचं वाईट करायला नाय मी बसले. माझ्यासारकं व्हायला नको, येवडंच.”

तीस वर्षांच्या दुखण्याला सुदामशेठच्या टाइमपासनं कारण पुरवलं होतं, आणि मिळालेलं कारण माणूस सहज परत करत नाही. लिफ्टमधून खाली येताना त्यांनी सुनिता हे नाव फळीवर लावलं. स, न, त. बाईंचं गणित बरोबर होतं.

“सासू गेली ते पन वायटातच धरलं का तिनं?” घरी गंगाबाईनं विचारलं. भाऊ हसला नाही, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे तिला पटलं.

लग्नाला चार दिवस उरले तेव्हा सुदामशेठ दुकानात एकटेच बसले होते. हातात काम होतं विनिताच्याच शिक्क्याचं. सासरी गेल्यावर लागेल म्हणून महिन्यापूर्वीच त्यांनी तो ठरवला होता, मग हात धजला नव्हता. आता केला. मशीनमधून रबर काढलं, पावडर झटकली, बोटावर धरून पाहिलं. एकतीस वर्षं ते शिक्का असाच वाचत आले होते, उलट्या बाजूनं, न अडखळता. त्यामुळे त्यात काही विशेष आहे हे ध्यानात यायला त्यांना इतरांपेक्षा जास्त वेळ लागला. डावीकडून पहिलं ता. मग नि. मग वि.

त्यांनी धनेशला फोन केला. म्हणाले, दोन्ही चालतील म्हणालात ना? मग एक काम करा.

लग्न पनवेलातच एका हॉलमध्ये झालं. तांदळाचं ताट आलं तेव्हा विनिता धनेशशेजारी ताठ बसली होती. उठायचं झालं तर सोपं जावं म्हणून शालू आधीच आवरून धरलेला. सुनिताबाई नवऱ्यामुलाच्या मागे उभ्या राहणार होत्या. सुदामशेठनी स्वतः पाट उचलला आणि ताटाच्या पलीकडे, मुलांच्या समोर ठेवला.

“विहीणबाई, मान तुमचा. समोर बसा. नीट दिसेल.”

धनेशनं अंगठी धरली. वि लिहिलं, नि लिहिलं. विनिताच्या मुठीतला शालू थोडा सैल झाला. ता लिहून त्यानं हात मागे घेतला, आणि मग सगळ्यांनी सुनिताबाईंकडे पाहिलं.

त्या ताटाकडे पाहत होत्या. नाव त्यांच्या बाजूनं उफराटं पडलं होतं.

“तुमच्या डाव्या हाताकडून वाचा,” सुदामशेठ म्हणाले. “माझ्या शिक्क्यासारखं.”

सुनिताबाईंनी तांदळावर बोट धरलं, न टेकवता. “ता,” त्या म्हणाल्या. “नि. वि.” बोट हवेतच थांबलं. “त, न, व. तन्वीचीच अक्षरं ही.”

“तीच. तुमच्या बाजूनं चढतं. तिच्या बाजूनं विनिता.”

“घाट हाय म्हना,” मागून बळीराम म्हणाले. लग्नात ते बोललेले एवढंच. “पुन्याला जाताना चढ, येताना उतार. रस्ता त्योच.”

“तुमी गप बसा,” सुनिताबाई म्हणाल्या. ताटावरची नजर त्यांनी काढली नव्हती. “मला गंडवताय व्याही. कळतंय मला.”

“थोडंसं,” सुदामशेठ म्हणाले.

“सुनिताचं पन असंच व्हईल?”

“ता, नि, सु. होईल.”

भटजींनी घड्याळ पाहिलं. “माझ्या येळंला मला ह्या बाजूला कुनी बसवलं नाय,” सुनिताबाई शेवटी म्हणाल्या. मग सुनेकडे पाहून, “बस ग नीट. उठायला निगाल्यासारकी काय बसलीस?” विनितानं मांडी घातली.

“कानात मी सांगितलेलं नाव हाय ते,” गंगाबाई शेजारणीला म्हणाली. “दोनी बाजूनं चालतं.”

पनवेलभर ही बातमी पोचायला जेवणाच्या पंगती उठायचाही वेळ लागला नाही, आणि पोचली ती अशी की नाव दोन्ही बाजूंनी पाहावं लागतं, सुदामशेठनी नवीन शोध लावला आहे. पुढच्या आठवड्यात टेम्पोवाला आला. समोरच्या काचेवर एक नाव आणि मागे तेच उलटं, असं चालेल का? सुदामशेठनी डब्या काढून टाकल्या होत्या. फळीवर आता कागदाची रिमं होती. “अहो, हा टाइमपास आहे,” ते म्हणाले. टेम्पोवाला म्हणाला, “हो हो, पण सांगा.”

पंधरा दिवसांनी सुनिताबाई आल्या. दाराला नवी पाटी हवी होती. जुन्या पाटीवर एकटे बळीराम होते. कागदावर त्यांनी स्वतःच्या हातानं चार नावं लिहून आणली होती, एकाखाली एक: बळीराम, जनी, धनेश, विनिता.

“जनी?” सुदामशेठनी विचारलं.

“तेच. शिक्क्यासारकं नको, सरळ लिवा.” मग कागद पुढे सरकवून त्या म्हणाल्या, “बगा जरा. वरनं खाली बरोबर हाय ना?”

सुदामशेठनी पहिली अक्षरं पाहिली. ब, ज, ध, व. हात आधी गल्ल्याकडे आला आणि मग दोनदा दाराकडे गेला. मोडका जिना, तोही दुसऱ्याच पायरीवर, नेमका जनीपाशी.

“बरोबर आहे,” ते म्हणाले आणि पाटीची लांबी-रुंदी लिहून घेतली.