मखर आणि छपराचा पूल

ब्रिस्टलच्या बाहेर एका खेड्यातल्या हॉलमध्ये आमच्या मंडळाचा गणपती बसायचा. हॉलच्या अलीकडे हाकेच्या अंतरावर नदीवर जुना लाकडी पूल होता, घरासारखं कौलारू छप्पर असलेला. खालचं लाकूड पावसाने कुजू नये म्हणून छप्पर घातलंय, हे नवऱ्याने मला दर वेळी नव्याने सांगितलं आणि मी दर वेळी नव्याने ऐकून घेतलं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे आले होते, पण त्यांचं मन रमत नव्हतं. गणपती झाले की पुण्याला जातो, म्हणाले. तिथे रिकाम्या घरात एकटे कसे राहतील, या विचाराने माझा जीव तुटायचा. त्या वर्षी मखर मी केलं. प्लायवूडचं, वर शिखर, शिखरावर कळस. सुतारकाम मला येतं आणि चांगलं येतं, मंडळात कुणी काहीही म्हणो.

नवरा ते गाडीच्या रूफ रॅकवर आडवं बांधायला लागला, तेव्हा सासऱ्यांनी अडवलं. देवाचं मखर आडवं न्यायचं नाही. झालं, उभं बांधलं. सासऱ्यांच्या मांडीवर पुण्याहून आणलेली मूर्ती, डोक्यावर देऊळ, अशी आमची वरात निघाली. पुलाच्या तोंडाशी उंचीच्या मर्यादेची पाटी होती आणि गाडीवरचा आमचा कळस त्या मर्यादेच्या पार वर.

लांबच्या रस्त्याने जावं तर पूजेची वेळ टळणार. नवरा म्हणाला, शिखर कापू, नाहीतर सरळ आडवं करू. मी दोन्हीला नाही म्हटलं. गाडी कडेला लावायला लावली, मखर उतरवलं, उभंच ठेवून एक बाजू त्याला दिली, एक मी धरली.

"बाबा, तुम्ही मूर्ती घेऊन पुढे चला," मी म्हणाले.

ते चालू लागले. मागे आलेल्या गाड्या मुकाट थांबल्या. पुलाच्या मध्यावर सासरे उभे राहिले आणि सासूबाई गेल्यापासून कधी न ऐकलेल्या खणखणीत आवाजात त्यांनी 'गणपती बाप्पा' म्हटलं. 'मोरया' म्हणणारे आम्ही दोघंच, पण त्या छपराखाली सगळं मंडळ ओरडल्यासारखं वाटलं. मला रडू आलं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

पलीकडे पोचल्यावर त्यांनी मागे वळून कळस पाहिला, मग पुलाचं छप्पर पाहिलं.

"वर अजून हातभर जागा आहे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी शिखर थोडं उंच कर. मी मदतीला आहे."